बसता न येणारा व्याही

माकडहाडाच्या जरा खाली, जिथे माणसाचा स्वतःचा हात धड पोचत नाही आणि डोळे तर मुळीच नाहीत, तिथे मला गळू झाले. खामगावच्या डॉक्टरांनी ते कापले आणि टाके न घालता जखम उघडीच ठेवली. "आतून भरत येऊ द्या," ते म्हणाले. "वरून बुजली, तर आत पुन्हा पू धरेल." हे वाक्य पुढे मी अनेक सार्वजनिक संस्थांबद्दल वापरले.

रोजचे ड्रेसिंग बायकोकडे आले. आंघोळ झाली की मी दिवाणावर पालथा, तोंड उशीत. ती तांब्याला टेकवून मोबाईलची बत्ती लावायची आणि सलाईनमध्ये भिजवलेली गॉजची पट्टी चिमट्याने जखमेत भरायची. संसारात मी इतका निरुत्तर कधीच नव्हतो, हे तिच्या लगेच ध्यानात आले. मुलीच्या साक्षगंधाचे बहुतेक ठराव याच बैठकीत मंजूर झाले.

"बँड लावू ना?"

"साक्षगंधाला बँड कशाला?"

"हालू नका. चिमटा हाये हातात."

बँड ठरला.

मी एकच अट घातली. जानेफळच्या पाहुण्यांना यातले काही कळता कामा नये. नव्या व्याह्यांशी ओळख या अंगाने व्हावी, असे मला वाटत नव्हते.

साक्षगंध आमच्या धामणगावातच, घरापुढच्या मंडपात झाले. टिळा, अंगठी, फोटो, सगळे उभ्याने निभले. माझ्या खांद्यावर शालही पडली. मग पंगत बसली आणि माझी पंचाईत झाली. आमच्याकडे दोन्ही व्याही शेजारी बसून पहिला घास घेतात. तोवर ताटाला कोणी हात लावत नाही. मी तुपाचे भांडे उचलले आणि वाढत सुटलो.

"इवाई, या ना, बसा बाजूले," व्याही म्हणाले.

"तुम्ही सुरू करा जी. आज मी वाढतो."

"तूप कोणीबी वाढीन. तुम्ही बसा."

मी न ऐकल्यासारखे करून दुसऱ्या टोकाला गेलो. परत आलो तेव्हा नवरदेवाचा मामा व्याह्यांच्या कानाशी लागला होता. कुजबुज मला ऐकू यावी इतकी मोठी होती. "नाराज दिसतेत. आपल्याकून काही चुकलं काय?"

व्याही उठून उभे राहिले. ते उठले म्हणून मामा उठला, आणि मग रांगच्या रांग उठली. ताटांतल्या वरण-बट्टीवरची वाफ विरत चालली होती.

"काही कमी-जास्त झालं असन तर सांगा जी," व्याही हात जोडून म्हणाले. "पण असं उभं नोका राहू. तुम्ही बसल्याबिगर आम्ही नाही बसत."

दारातून मुलगी पाहत होती. तिचा चेहरा उतरला. तिचे ठरलेले लग्न बापाच्या बैठकीवर अडले होते, आणि बाप तुपाचे भांडे धरून, "तसं काही नाही, तसं काही नाही," एवढेच म्हणत होता.

तेवढ्यात बायको वांग्याच्या भाजीची बादली घेऊन आली. तिने एकदा रांगेकडे, एकदा मुलीकडे पाहिले आणि भाजीत मीठ कमी आहे हे सांगावे तशा आवाजात म्हणाली, "त्यायले ढुंगणावर गळू झालं व्हतं. कापलं हाये. बसता येत नाही म्हणून फिरून राह्यले. तुम्ही जेवा जी."

बँडवालेही ऐकत होते.

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?" व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "मले मूळव्याध हाये, बापा. गाडीत माही बसाची रबराची रिंग असते."

नाराजीचा शोध लावणारा मामाच धावत जाऊन ती घेऊन आला. गुलाबी होती. पंगतीच्या सतरंजीवर ती व्याह्यांच्या शेजारी मांडली आणि बायकोने माझी सत्काराची शाल काढून तिच्यावर अंथरली. शालीचा इतका सयुक्तिक उपयोग मी कुठल्याच समारंभात पाहिला नव्हता. मी जपून टेकलो. व्यासपीठावरच्या उंच खुर्च्यांना मी आयुष्यभर हसत आलो. त्या पंगतीत मात्र मी सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होतो. व्याह्यांनी बट्टी कुस्करली, आम्ही पहिला घास घेतला आणि दारातली मुलगी हसत आत गेली.

निघताना मी रिंग परत करू लागलो.

"राहू द्या," व्याही म्हणाले. "लग्नापावतर जखम भरली नाही, तर लागन."

"आणि तुम्हाला?"

"मी दुसरी घेतो. जोडीनं बसू."