कच्ची सरकी

तार आली तेव्हा माय ओसरीवर बसून कापसातली सरकी बोटांनी सोडवत होती. मालूसाठीच. मी तार वाचली, परत वाचली आणि पोस्टमनलाच विचारलं, "आमचीच आहे ना ही?" माझी धाकटी बहीण मालती बंगलोरला प्रयोगशाळेच्या जिन्यात कोसळली आणि गेली... ना ताप, ना दुखणं. तिशीसुद्धा उलटली नव्हती. दिवाळीत इथे, बोरी अरबला येऊन माझ्या ताटातली करंजी पळवणारी पोर! महिना होत आला, तरी मला हे खरं वाटत नाही. राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

ती नेमकं काय करते, असं गावात कुणी विचारलं की मी "मोठी मास्तरीण झाली" म्हणून सुटका करून घ्यायचो. मग एकदा बंगलोरला गेलो तेव्हा तिने मला तिचं यंत्र दाखवलं. अल्ट्रासेंट्रिफ्यूज. कपाटापेक्षा मोठं धूड आणि त्याच्या पोटात काचेच्या खिडक्यांची इवलीशी कुपी. कुपीत प्रथिनाचं पाणी भरायचं आणि ती मिनिटाला हजारो फेरे गरगर फिरवायची. जड कण भराभर सरकतात, हलके मागे रेंगाळतात, आणि आरपार जाणाऱ्या उजेडामुळे त्यांची चाल फोटोच्या काचेवर उंचवट्यासारखी उमटते. एक उंचवटा दिसला तर बहुधा प्रथिन एकाच जातीचं, दोन दिसले तर भेसळ. सरकण्याच्या वेगावरून ते केवढं, कसल्या घडणीचं, याचा अंदाज. "दादा, हे समजलं त सरकीतलं चांगलं तेवढं वेगळं काढता येईन. ढोरं खातात, ते लेकरायलेही देता येईन," ती म्हणाली. एवढा एकच ध्यास होता तिला.

म्हणून तिने आमच्या वावरातली सरकी मागवली. मायने दिली, पण भाजून! आमच्या घरून परगावी जाणारा कुठलाही दाणा तव्यावरून गेल्याशिवाय पिशवीत पडत नाही. सरकीतल्या प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या, आणि यंत्र फिरू लागताच सगळं तळाशी जाऊन बसलं. दिवाळीत मालू चुलीपुढे बसून हसत होती. "माय, तू त माह्यं प्रथिनच मारून टाकलं! उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघते काय?"

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं?" माय उखडली. "इतक्या दूर कच्ची देऊ? किडे नाही पडन?"

शेवटी ठरलं, नव्या कापसाची सरकी, कच्ची, मी स्वतः घेऊन जायची.

गेलो, पण तार आल्यावर, रिकाम्या हाताने. तिच्यासोबत काम करणाऱ्याने सांगितलं, ती जिन्यात पडली तेव्हाही आत यंत्र फिरतच होतं. नंतर त्यानेच ते बंद केलं. मला राहवलं नाही. काचेवर काय दिसलं, विचारलं. तो म्हणाला, "ते दुसऱ्या बियांचं काम होतं. तुमच्या सरकीसाठी तिने यंत्रावरची पुढची पाळी राखून ठेवली होती."

सरकीची पिशवी ओसरीच्या खुंटीला आहे. माय मालूसाठी माझ्यापेक्षा जास्त रडली, तिला सगळं कळतं. तरी रोज सकाळी ती सरकी सुपात पसरून कोवळ्या उन्हात ठेवते, आणि ऊन चढायला लागलं की हातातलं काम टाकून धावते. काल मी म्हटलं, "माय, राहू दे ना आता..."

सूप सावलीत ओढत ती म्हणाली, "जास्त तापली त मालूच्या कामाची नाही राहात, बापा."