मेण कोण विसरलं

सावंत गेला.

आज सकाळी, कणकवलीत, स्वतःच्या घरात. वहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. पार्किंगमध्येच गाडीत बसून राहिलो.

आता भांडायचं कोणाशी?

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात गन रिपेअरचं एक छोटं वर्कशॉप होतं. तिथे मराठी आम्ही दोघंच. समोरासमोर बसून इतके भांडायचो की बाकीच्यांना आम्ही सख्खे भाऊ वाटायचो.

एकदा एक अरब गृहस्थ वडिलांची शिकारीची जुनी रायफल घेऊन आला. वजनाला एकदम हलकी, बॅरल बारीक. म्हातारबाबांची पहिली गोळी बरोबर लागायची, तिसरी-चौथी भलतीकडेच.

"बाबा बोलता है, मेरा हाथ खलास," तो म्हणाला. "अभी घर में बैठा है. किसी से बात नहीं करता."

सावंतने बॅरल आणि लाकडाच्या फटीवरून बोट फिरवलं.

"हाथ को कुछ नहीं हुआ. बेडिंग गया है."

बेडिंग म्हणजे लाकडात बॅरल नीट बसवणं. बॅरल लाकडापासून मोकळं सोडूनही आम्ही पाहिलं. पण इतकं बारीक बॅरल, तापलं की भरकटायचं. शेवटी ठरलं, त्याला पूर्ण आधार द्यायचा. लाकडाच्या खाचेत इपॉक्सी, म्हणजे सुकून दगड होणारा गोंद, भरायची, बॅरल त्यात दाबून ठेवायचं. इपॉक्सी सुकली की अचूक साचा तयार.

फक्त बॅरलला आधी मेण चोपडायचं. नाहीतर ते कायमचं चिकटतं.

इपॉक्सी मी कालवायची, मेण सावंतने लावायचं. हे नेहमीचं.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले. बॅरल सुटेना. हाताने ओढलं, ठोकलं. ढिम्म.

"जोश्या, मेण लावलंस ना?"

"मी? मेण तुझं काम."

"मेल्या, मी तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"तू फोनवर होतास तेव्हा."

म्हणजे बघा. काम याचं, विसरला हा, आणि चूक माझी.

लाकूड कापलं असतं तर बॅरल सुटलं असतं. पण ती रायफल त्या म्हाताऱ्याने तरुणपणापासून खांद्याला लावलेली. लाकूड बदललं असतं तर त्याने ती हातात धरली नसती. मुलाला काय तोंड दाखवणार? मी कपाळाला हात लावला.

सावंत मात्र उठला आणि पॅन्ट्रीतला डीप फ्रीझर उघडला. रूमवर पार्टनर खाऊन टाकतात म्हणून हा आपली सुरमई तिथे लपवायचा. त्या सुरमईवर त्याने रायफल तिरकी ठेवली.

"लोखंड थंडीने आकसतं. उद्या सुटेल, इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी रबरी हातोड्याचा एक ठोका दिला आणि बॅरल टक्कन सुटलं. आत साचा एकदम स्वच्छ. मी सावंतला मिठीच मारली. तो म्हणाला, "आता तरी मेण लावत जा."

रेंजवर म्हातारबाबा आले. गोळ्या झाडल्या. सगळ्या वाटीएवढ्या जागेत. ते कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मुलगा तोंड फिरवून डोळे पुसत होता.

मग त्यांनी रायफलचा वास घेतला. "समक?"

म्हणजे मासे.

"नो समक, बाबा," सावंत अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

वर्कशॉप बंद झालं, मी दुबईला आलो, सावंत गावी परतला. पण दर फोनवर मेणाचा विषय निघायचाच. माझी मुलगी म्हणायची, "Baba, not again."

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल केला. त्याच्या हातातला कप थरथरत होता. चहा शर्टावर सांडला.

"हात गेले रे, जोश्या."

"हात ठीक आहेत. बेडिंग सैल झालंय."

खूप हसला. मग कप खाली ठेवला.

"ऐक. मेण मीच विसरलो होतो."

मला अजिबात आवडलं नाही ते. सावंत चूक कबूल करतोय म्हणजे तो आवराआवर करतोय, हे मला तेव्हाच कळलं. मी फोन ठेवला आणि रडलो. बायकोला सांगितलं, नेटवर्क गेलं.

सावंत, परदेशात मला तुझा आधार होता. तोंडावर कधी बोललो नाही, आज बोलतो.

तुझं कबूल करणं मला मंजूर नाही. वर कोणी विचारलं तर सांग, मेण जोश्या विसरला होता.

जा आता निवांत.