खालून झाडू जाणारा पलंग
ताज्या पॉलिशचा वास आला की अफझलगंजमधलं ते पलंगांचं दुकान आठवतं. आईला खाली गादीवरून उठवेना, म्हणून घरात पहिल्यांदाच पलंग येणार होता. ती नुसतीच काठावर टेकली. दुकानदार म्हणाला, “अम्मा, लेट के देखो ना!” बाबा म्हणाले, “पड की जरा, कोण बघायलंय?” मी बघत होते. माझ्यानंतर झोपणारी, माझ्याआधी उठणारी आई झोपल्यावर दिसते तरी कशी, मला ठाऊकच नव्हतं. पदर सारखा करून ती आडवी झाली, डोळे मिटले आणि चक्क हसली. मग उठून वाकली. “ह्याच्या खालून झाडू जायचा नाही.” घेतला शेजारचा, उंच आणि टणक. परवा कुकटपल्लीच्या नव्या घरासाठी पलंग बघताना मीही डोळे मिटून सुखात पडले, आणि उठल्याबरोबर वाकून खाली पाहिलं.