मामांचा भज्याच्या तेलावरचा ट्रक

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या रस्त्यावर ज्याच्या येण्याची वर्दी आधी नाकाला आणि मग कानाला लागायची, असा माणूस आजवर एकच झाला आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. दुर्दैव त्यांचं, माझं नव्हे. चारचौघांत मी मामांच्या गोष्टी रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि मी एका ठरावीक जागी येऊन थांबतो. आज थांबणार नाही.

मामा फौजेत गाड्या दुरुस्त करत. निवृत्त होऊन कोऱ्हाळ्याला आले तेव्हा इतर निवृत्त लोक आणतात तशी ट्रंक, ब्लँकेट आणि पदकं आणली, आणि दोन वर्षांनी एका भंगारवाल्याकडून फौजेनं लिलावात काढलेला ट्रकही आणला. तो ट्रक वयानं त्यांच्यापेक्षा फार लहान नव्हता. हिरवा रंग उडालेला, बॉनेट लांबलचक, दार लावायला खांदा लागायचा. मामींना वाटलं, ऊस वाहायला आणला. मामांचा विचार वेगळा होता. "ह्या इंजिनाला डिझेल पाजणं म्हंजी पैलवानाला सरबत पाजल्यागत हाय," ते म्हणत. "त्याला तेल पायजे." तेल म्हणजे वडे, भजी, शेव तळून काळं झालेलं, हॉटेलवाले गटारात ओततात ते. पुढची सहा-सात वर्षं तो ट्रक त्यावर चालला.

त्याची एक शिस्त होती. टाक्या दोन. सकाळी ट्रक डिझेलवर सुरू करायचा, कारण थंड तेल काकवीसारखं घट्ट असतं. रेडिएटरचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून दुसऱ्या टाकीत खेळवलेलं होतं. दोन-तीन किलोमीटरवर तेल पातळ झालं, की मामा सीटखाली हात घालून कॉक फिरवत आणि शेजारी कुणी असो वा नसो, ताठ बसून जाहीर करत, "आता भज्यावर." मुक्काम जवळ आला की पुन्हा कॉक, पुन्हा घोषणा, "डिझेलवर." मागच्या गाड्यांना मात्र घोषणेची गरज नसायची. धुराला असा खमंग वास यायचा, की फाट्याफाट्यावरची कुत्री ट्रकमागे धावत आणि शेवटी हताश होऊन रस्त्यातच बसत. आमच्या लग्नात नवरीकडची मंडळी ह्याच ट्रकमधून आली. माझी आई पुण्याची, सरकारी नोकरीतल्या घरातली. तिनं माझ्या होणाऱ्या बायकोला ओवाळता ओवाळता मला हळूच विचारलं, "ह्यांनी वाटेत वडे खाल्ले का रे सगळ्यांनी?"

तेलाच्या बाबतीत मामांचं नाक हे एक स्वतंत्र खातं होतं. बारामतीतून निघून इंदापूरच्या स्टँडपर्यंत प्रत्येक हॉटेलातून ते डबे गोळा करत, घरी आणून जुन्या धोतरातून दोनदा गाळत, चुलीवर तडतड थांबेपर्यंत तापवत, म्हणजे त्यातलं पाणी उडे. डब्यावर चिठ्ठी नसे. झाकण उघडून हुंगायचे आणि सांगायचे, "हे इंदापूरचं. मिरचीभजी जास्त." एकदा आम्ही नवरा-बायको एका नव्या हॉटेलात जाऊन आलो म्हटल्यावर त्यांनी गंभीरपणे माझ्या बायकोला बाजूला घेतलं. "तितं जाऊ नगा. तितलं तेल माझं इंजिन पीत न्हाय, तुमी कसं खाता?" महिनाभरात आम्ही त्या रस्त्यावरची निम्मी हॉटेलं सोडली.

आणि ह्या नाकाची खात्री करायला त्यांना मी सापडलो. मी बारामतीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, तेव्हा अजून कायम झालो नव्हतो. मामा दर पंधरवड्याला बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत येत, चपला दाराबाहेर काढत आणि मी तेलातली आम्लता मोजत असताना देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे राहत. थेंबानं रंग पालटला की म्हणत, "जावईबापू, हे लिवून द्या." मी कागदाच्या चिठोऱ्यावर तारीख, आकडा आणि "वापरण्यास योग्य" असं लिहून सही करायचो. मला त्या सहीची मोठी मौज वाटे. वर्गात पोरं माझ्याकडे बघत नसत, आणि इथे एक निवृत्त सुभेदार माझी सही घडी करून खिशात ठेवायचा.

ट्रकचं खरं काम उन्हाळ्यात. मामांच्या पल्टणीतला एक गडी मोरगावच्या बाजूचा होता, सीमेवर वारला. त्याची आई वस्तीवर चार शेळ्यांसोबत एकटी राहायची. मामा तिला भेटायला गेले तेव्हा ती भर उन्हात डोक्यावर हंडा घेऊन येत होती. मामा चहा न पिताच परत फिरले. आठवड्याभरात ट्रकवर पाण्याची टाकी चढली. आमच्याकडे कॅनॉल, विहिरीला बारमाही पाणी, उसाला पाजून उरणारं. तिकडे प्यायला नाही. मामा एक दिवसाआड विहिरीवर टाकी भरायचे आणि वस्तीवर रिकामी करायचे. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. म्हातारी त्यांना "सुभेदार" म्हणायची आणि ट्रकला "आला बया भजीवाला."

दोन उन्हाळे असे गेले. त्या भागातल्या टँकरचा ठेका ज्याच्याकडे होता, त्याला हा प्रकार आवडण्याचं काही कारण नव्हतं. मामांचं पाणी येतं म्हणून वस्तीनं टँकरच्या फेऱ्यांवर अंगठे देणं बंद केलं होतं, आणि अंगठ्यांशिवाय त्याची बिलं निघत नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात तक्रार झाली, की एक बेकायदा ट्रक भेसळीचं विषारी इंधन जाळतो आणि त्याच ट्रकमधून लोकांना पाणी पाजतो. एका सकाळी मोरगावच्या अलीकडे आरटीओवाल्यांनी ट्रक अडवला आणि आपल्या कचेरीच्या आवारात नेऊन उभा केला.

मामा तिथून थेट कॉलेजवर आले. पहिल्यांदाच त्यांच्याजवळ बाटली नव्हती.

"पासिंग संपल्यालं हाय, ते खरं हाय," ते म्हणाले. "त्याचा दंड भरतो म्हनलं. सायेब म्हंत्यात, दंडाचं जमंल, पर इंधनाचं कुणी जाणकारानं सांगायला पायजे. तुमी उद्या या आन् सांगा, हे तळणाचं तेल हाय म्हनून. दोन वाक्यं."

"येतो की मामा," मी म्हणालो. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो.

दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून चहा पाजला. ठेकेदार आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होता, हे मला माहीत होतं. ते त्यांनी सांगितलंही नाही. एवढंच म्हणाले, "सर, तुमची कायम करायची फाईल ह्या महिन्यात समितीपुढे येतीय. बाहेरच्या भानगडीत मत देऊ नका. देणार नाही, असंही म्हणू नका. जा, पण मोघम बोला."

मी गेलो. साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसलो, दुसरी रिकामी असूनही मामा उभे राहिले. टेबलावर एका बाटलीत ट्रकच्या टाकीतलं तेल होतं, काळपट सोनेरी, मी शंभर वेळा पाहिलेलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "सर, हे काय आहे?"

"नुसतं बघून निश्चित सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"मग तपासून सांगा. दोन दिवस थांबतो मी."

"आमच्या प्रयोगशाळेत तशी सोय नाही."

साहेबानं मामांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मामांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता. त्या खिशात काय आहे, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझ्या अक्षरातल्या, माझ्या सहीच्या चिठ्ठ्या, तारीखवार. त्यातली एक टेबलावर ठेवली असती तरी ट्रक सुटला असता आणि मी उघडा पडलो असतो. हात खिशापाशी क्षणभर थांबला, मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हात खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या सायेब," ते म्हणाले. "मास्तर म्हंत्यात तसं आसंल."

साहेबानं "इंधनाबाबत समाधानकारक खुलासा नाही" असं लिहिलं. महिनाअखेरीस मी कायम झालो. ट्रक आवारातच राहिला. मामा दर आठवड्याला एसटीनं जायचे, काचा पुसायचे, चाकांतली हवा बघायचे आणि परत यायचे. पहारेकरी त्यांना ओळखू लागला होता. पुढच्या वर्षी गॅसकटर लावून ट्रकचे तुकडे केले, त्या दिवशी मामा गेले नाहीत. वस्तीवर टँकर पुन्हा येऊ लागला, कधी चौथ्या दिवशी, कधी आठव्या. म्हातारीनं दोन उन्हाळे काढले, मग शेळ्या विकल्या आणि लेकीच्या गावाला गेली. तिथं फार दिवस जगली नाही, असं मामांनीच मला सांगितलं, पावसापाण्याचं सांगावं तसं.

मामांनी घरी काय सांगितलं, ते मला बायकोकडून कळलं. त्या रात्री मी जेवायला बसलो तर तिनं ताटात न मागता शिरा वाढला. "मामांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, जावयानं साहेबाशी लय वाद घातला, पण साहेब ऐकंना. दमले असाल तुम्ही." मी शिरा खाल्ला. ह्याला आता अकरा वर्षं झाली. बायको अजून नातेवाइकांत अभिमानानं सांगते, की माझ्या मामासाठी हे साहेबाशी भांडले होते. मी मान हलवतो.

गेल्या महिन्यात मामांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीत झालं. त्यांना माझ्या गाडीतून कोऱ्हाळ्याला सोडायला निघालो होतो, दोघंच. त्या डोळ्याला हिरवी पट्टी, मांडीवर औषधाची पिशवी. माळेगावच्या पुढे मी म्हणालो, "मामा, ते साहेबाच्या कचेरीतलं. मी हिला आता खरं काय ते सांगणार आहे."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"नगा सांगू," मग ते म्हणाले. "मी तुमच्यासाठी न्हवतं केलं ते. त्या पोरीला तुमच्यासंगं जलम काढायचा हाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी काच खाली केली आणि आधी ऑपरेशन होऊन बरा झालेला डोळा बाहेर लावून बसले. दोन्ही बाजूंना ऊसतोड चालली होती, मधूनच एखादं रिकामं रान लागत होतं. "जरा हळू घ्या," ते म्हणाले, "मला आता लांबचं दिसाया लागलंय." मी गाडी हळू घेतली. पाऊण तासाच्या वाटेला आम्हाला त्या दिवशी दीड तास लागला, आणि दोघांपैकी कुणालाच पोचायची घाई नव्हती.