कोंबड्यांच्या पाइपात दही

"डाक्टरसाहेब, पक्षी पाणीच पिऊन नाई राह्यले. लवकर या!"

फोनवर रोहिणखेडजवळचे पोल्ट्रीवाले प्रल्हादभाऊ होते. एप्रिलची भर दुपार. त्याच दिवशी सकाळी त्यांना कोंबड्यांना पाण्यातून लस द्यायची होती. आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन सगळं समजावून आलो होतो. पशुवैद्य म्हणून माझा अनुभव असा, की समजावून आल्यावरच खरी धाकधूक सुरू होते.

काम तसं सोपं. लसीत जिवंत विषाणू असतो. पाण्यात क्लोरीन असेल तर तो मरतो आणि लस वाया जाते. म्हणून पाण्यात आधी साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची. ती क्लोरीनला निकामी करते. पावडरचं पाकीटही मीच नेऊन दिलं होतं. आणखी काय करायचं माणसानं?

शेडमध्ये पक्षी चोची वासून धापा टाकत होते. काही पाइपाखाली नुसते टोचे मारत होते. या पाइपाला बारीक निपल असतात, चोच लागली की थेंब पडतो. मी एक निपल दाबला. कोरडा. दुसरा दाबला, तर बोटाला पांढरी गुठळी लागली. वास घेतला. आंबट!

"भाऊ, पाण्यात काय टाकलं?"

"तुम्ही सांगतलं तेच. दूध."

"मी पावडर सांगितली होती!"

"पावडर काऊन टाकू साहेब? भेसळीचा माल तो. घरी तीन म्हशी हायेत. सकाळचं धारोष्ण दूध ओतलं, बिना पाण्याचं!"

टाकीभर पाण्यात बिना पाण्याचं दूध! कपाळावर हात मारून घ्यायचीही सोय नव्हती. म्हशीच्या दुधाची साय निपलमध्ये अडकली होती आणि तापलेल्या पत्र्याखाली उरलेल्याचं विरजण लागलं होतं. त्या उन्हात पक्ष्यांना पाणी मिळालं नसतं, तर संध्याकाळपर्यंत अख्खी बॅच गेली असती.

"घरात असतील नसतील तेवढ्या पराती आणा," मी ओरडलो.

त्यांच्या पत्नी सुमनताई पराती, घमेली, कुकरची झाकणंसुद्धा घेऊन धावत आल्या. पाणी ओतता ओतता नवऱ्याला म्हणाल्या, "म्या म्हटलं होतं, डाक्टरनं देल्लं तेच टाका. पण माह्यं ऐकते कोण?"

आम्ही पाइपांची टोकं उघडली, मोटर लावून सगळी लाइन धुतली, एकेक निपल दाबून पाहिला. काही पक्षी गेलेच. बाकीचे दिवस कलता कलता सावरले. लस पोटात किती गेली याचा भरवसा नव्हता, म्हणून ती पुन्हा द्यायची ठरली.

निघताना सुमनताईंनी चहा आणला. घोट घेतला. चव वेगळीच लागली.

"पावडरचा हाय," त्या म्हणाल्या. "घरचं दूध तर सारं कोंबड्याईले गेलं. म्हटलं, तुमचं पाकीट तरी कामी येऊ द्या."

घशाशी आलेलं बरंच काही मी त्या चहाबरोबर गिळलं. तेव्हापासून मी 'दुधाची पावडर' म्हणत नाही. 'औषधाची पावडर' म्हणतो. औषधाचा चहा अजून तरी कुणी केलेला नाही.