जाळी आणू नका, ब्रुक लहान आहे

माझ्या बाळांनो,

डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही दोघं येताना मासे पकडायची जाळी आणणार, असं तुमची आई काल फोनवर म्हणाली. धाकट्याने पोहायचा चष्माही बॅगेत टाकला आहे म्हणे. तुम्ही काढून पाठवलेलं चित्र आमच्या फ्रिजवर आहेच: आजीचं घर, शेजारून निळीशार नदी, नदीत बदकं आणि होडीत आजोबा. म्हणून हे आत्ताच लिहायला हवं. विमानतळावर सांगितलं तर तुम्ही तिथेच भोकाड पसराल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 'आमच्या घराजवळून एक ब्रुक वाहतो आणि त्याच्या काठी काउस्लिप फुलतात' असं मी दर आठवड्याला सांगत आले, त्यातलं एक अक्षरही खोटं नाही.

नाशिकच्या शाळेत मी इंग्रजी शिकले ते जुन्या कवितांमधून. त्या कवितांमध्ये सतत पाणी वाहायचं आणि सतत फुलं फुलायची. आमच्या बाईंनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. त्या सांगायच्या, "काउस्लिप म्हणजे एक प्रकारचं फूल, लिहा. एग्लंटाइन म्हणजे दुसऱ्या प्रकारचं फूल. ब्रुक म्हणजे लहान ओढा. बोर्न म्हणजेही लहान ओढा. बेक... तोही ओढाच, पुढे चला." तेवढ्यावर परीक्षेत पूर्ण मार्क मिळत. पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा हेच शिकवलं. एवढे सुंदर शब्द जवळ आणि वापरायला जागा नाही, म्हणजे लग्नात मिळालेला डिनर सेट कपाटात पडून असतो तसं झालं होतं.

तो सेट मी कतारला आल्यावर बाहेर काढला.

दोह्याजवळच्या मुऐदरचं हे आमचं घर तुम्हाला आठवत नसेल, मागे आलात तेव्हा तुम्ही अगदीच लहान होतात. मागच्या अंगणात बेडरूमच्या एसीचा पाइप भिंतीतून बाहेर येतो. उन्हाळ्यात त्याला चांगली धार लागते आणि ती भिंतीच्या कडेने कुंपणापर्यंत वाहत जाते. हा आपला ब्रुक. स्वयंपाकघराच्या एसीचं पाणी वाटेत त्याला मिळतं, तो बोर्न. काठाला मी पिवळा चिनी गुलाब लावला, तो काउस्लिप. सदाफुली म्हणजे एग्लंटाइन. तुळस मात्र तुळसच. तिथे माझी हिंमत झाली नाही.

आजोबांना ही नावं तोंडपाठ आहेत, फक्त पटत नाहीत. जन्म गॅस प्लँटमध्ये गेला ना.

"अगं, ते कंडेन्सेट आहे. हवेतला दमटपणा."

"अहो, सगळ्याच नद्या हवेतून येतात," मी म्हणते.

मग ते पेपर उघडतात. पण घाईच्या वेळी तेच ओरडतात, "बोर्न तुंबलाय गं!"

सप्टेंबरमध्ये एका सकाळी वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. साबणाचं पाणी अंगणभर पसरलं आणि काउस्लिप फेसात गळ्यापर्यंत बुडाले. आजोबा भाजी आणायला गेले होते. मी घरमालकांच्या ऑफिसात फोन केला आणि स्वच्छ इंग्रजीत कळवलं, की आमच्या ब्रुकचा टॉरेंट, म्हणजे लोंढा, झाला असून दोन्ही काठ पाण्याखाली गेले आहेत. पलीकडच्या माणसाने पत्ता लिहून घेतला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, डोंट मूव्ह!"

टँकर आला. पाणी उपसायचा, मोठा. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली माणसं उतरली, त्यांनी हत्तीच्या सोंडेसारखा पाइप अंगणात आणला आणि माझा टॉरेंट, ब्रुक आणि बोर्न एका घोटात ओढून घेतले. बरोबर आजोबांची उजवी चप्पलही गेली.

संध्याकाळी घरमालक स्वतः आले. ते कतारीच, आजोबांच्याच वयाचे, पांढराशुभ्र लांब अंगरखा सावरत चालणारे. हिंदी मोडकं, पण बेधडक.

"मदाम, नदी किधर?"

मी पाइप दाखवला.

"ये?"

"ये."

त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आकाशाकडे पाहिलं.

"दीवार खराब होगा," घरमालक म्हणाले. "कल प्लंबर आएगा. पाइप सीधा गटर में. खलास."

डिसेंबरात तुम्ही येणार आणि मी तुम्हाला काय दाखवणार, गटार?

मी त्यांना खुर्ची दिली, वेलदोड्याचा चहा दिला आणि फ्रिजवरचं तुमचं चित्र आणून समोर धरलं. नातवंडं लांबून येताहेत आणि हे बघायलाच येताहेत, असं सांगितलं. ते चित्र न्याहाळत राहिले. बदकं बोटाने मोजली.

"बोट में कौन?"

"हे," मी आजोबांकडे हात केला.

घरमालक असे हसले, की चहा अंगरख्यावर सांडला. डोळे पुसत ते म्हणाले, "हम बच्चा था, बारिश के बाद रौदा जाता था. रेगिस्तान में नीचा जगह. पानी उधर बैठता, घास आता, फूल आता. पूरा घर चाय लेके जाता. नदी नहीं था मदाम, लेकिन हम भी बोट छोड़ता था."

मग उठून त्यांनी निकाल दिला. "पाइप रहेगा. पानी दीवार से दूर जाएगा. तुम इंजिनिअर? तुम करेगा."

शुक्रवारी आजोबांनी कुरकुरत माती खणली आणि पाण्याला भिंतीपासून लांब नेणारं वळण दिलं. माझा ब्रुक आता वळतो! याला मिअँडर म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं.

"अगं, याला एल्बो म्हणतात," ते म्हणाले.

आता एकच अडचण आहे. डिसेंबरात इथे थंडी असते, एसी कुणी लावत नाही आणि ब्रुक आटतो. म्हणून तुम्ही असेपर्यंत दोन्ही एसी चालू राहतील. आजोबांनी कानटोपी आत्ताच शोधून ठेवली आहे. तुम्ही स्वेटर आणा आणि होड्या करायला कागद आणा. पोहायचा चष्मा आणलात तरी चालेल, पण आडवं झोपूनच वापरावा लागेल.

आज सकाळी सगळं पाहून आले. ब्रुक करंगळीएवढा वाहतो आहे. काउस्लिप टँकरच्या तावडीतून वाचले. एग्लंटाइनला कळ्या आहेत. आजोबांची डावी चप्पलही आहे.