झुमाना वाफ्यात आडवा झाला

झुमाना त्राओरेइतका तोंडाळ माणूस आमच्या सिकासो मुलखात दुसरा झाला नाही. कामालाही तितकाच वाघ. चहाच्या मळ्यात आम्ही दोघं रोपांना पाणी घालायचो. मी दोन डबे रिकामे करीपर्यंत त्याचे चार होत, वर माझ्या चालीची नक्कल करून होई.

फ्रेंच जाऊन चार वर्षं झाली होती. दिवसभर चहा ढोसणारा आमचा देश, पण पान बाहेरचं. म्हणून सरकारनं चीनहून चहाचा जाणकार फांग आणवला. हा पहाटेच कुदळ घेऊन वाफ्यात हजर. हसणं मात्र ठाऊक नाही. गावच्या मुखियानं त्याला आपलं कूळ दिलं: दियारा. आता दियारा आणि त्राओरे म्हणजे थट्टेचे भाऊबंद. एकमेकांना काहीही बोलावं, रागवायची सोय नाही. झुमाना रोज त्याला ‘चवळीखाऊ’ म्हणून हाक मारी, ही थट्टेतली ठरलेली शिवी. फांग वर्षभर दुभाष्याला विचारत राहिला की ह्या कामगाराची नेमकी तक्रार काय आहे.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत फांगनं रोपांवर सावलीसाठी घातलेल्या चटया काढायला लावल्या. त्याच्या गावी थंडीत रोपांना ऊन देतात म्हणे. झुमानानं बजावलं, त्यानं ऐकलं नाही. मग वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला आणि तीन दिवसांत वाफे पापडासारखे वाळले. फांगनं जेवण सोडलं. दोष माझा, मला परत बोलवा, असं वरिष्ठांना पत्र लिहून खिशात घातलं, आपली पेटी ट्रकवर चढवली आणि स्वतःही आत बसला. तो गेला की मळा बंद, आम्ही चाळीस जण घरी. पण परक्या पाहुण्याला, तेही दुःखात, कोण बोलणार?

झुमानाला तो हक्क होता. आमच्यात मयताच्या घरी थट्टेचा भाऊबंद मेल्याचं सोंग घेतो आणि मागणी पुरी झाल्याशिवाय प्रेत हलू देत नाही. मुखियाच्या भावाच्या वेळी फांगनं हे पाहिलं होतं, आणि घाबरून बाहेर पळाला होता.

झुमाना सरळ वाळल्या वाफ्यात उताणा पडला, हात छातीवर.

“मी रोप आहे,” तो डोळे मिटून म्हणाला. “ह्या चवळीखाऊनं माझं पांघरूण ओढलं, म्हणून गेलो. नवी रोपं दिल्याशिवाय मला कुणी हलवायचं नाही.”

फांग ट्रकमधून उतरला. उकिडवा बसला.

“किती रोपं?” आमच्याच भाषेत, मोडकंतोडकं.

“वाफा भरून.”

“चटईसकट?”

“मग काय, तुझ्यासारखी उघडी?”

फांगच्या तोंडून आधी शिंक आल्यासारखा आवाज आला. मग तो असा हसू लागला की मातीतच बसला. पत्र त्यानं फाडलं आणि बियाण्याची पोती आणायला निघाला. वाटेत ट्रकपाशी थांबून त्यानं आम्हाला पेटी उतरवायला सांगितली. पण आमची हसून पोटं धरलेली. शेवटी त्यानं ती एकट्यानंच उतरवली.